पूर्वा काय म्हणाली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे बसले तरी अर्ध्यावर आलं की मन दुसरीकडे पळतं — दूध उतू जाईल, टाकी भरली असेल. आत्ताही तीन वेळा उठून आले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, लिहायची सवय नाही. पण बोलायला तर मला कधीच जमलं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही मला ओळखत नाही, ते एक बरं आहे.

माझी मुलगी पूर्वा, एकोणीस वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताही येत नाही. शिबिरात कानाचं मशीन मिळालं होतं, ते नुसतं शिट्ट्या मारायचं. मग आम्ही दोघींनी आमच्या खुणा केल्या. कुणी शिकवल्या नाहीत, होत गेल्या. पप्पा म्हणजे शर्टाच्या खिशावर बोट. आजी म्हणजे ओठ आत ओढून बोळकं करायचं. नको म्हणजे पीठ झटकल्यासारखे हात झटकायचे. आणि हवं म्हणजे पोटावर हात. लहान असताना भूक लागली की ती पोट दाबायची, त्याचंच पुढे ‘हवं’ झालं. फुगा हवा, रिबीन हवी, बागेत जायचंय — सगळ्याला पोटावर हात. फार हवं असेल तर दोन्ही हात, घट्ट.

भाजीवाल्याची खूण तिने काखेत खाजवून केली होती. तो एकदा हसत म्हणाला, “वहिनी, काय बोलली ही माझ्याबद्दल?”

“ताजी द्या म्हणते,” मी सांगितलं.

बघा, तिचं बोलणं बदलून सांगायची सवय तेव्हापासूनची. तेव्हा ती गंमत होती.

आणखी एक सांगायला हवं. मी सासरी आले तेव्हापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. भाजी कुठली करायची हेसुद्धा सासूबाई ठरवायच्या. मीही गप्प, कोपऱ्यातली. पूर्वा झाली आणि सगळे मला विचारायला लागले — “काय म्हणते गं ती?” नवरा विचारायचा, सासूबाई विचारायच्या, डॉक्टर विचारायचे. मी सांगेन ते खरं. एवढी किंमत मला आधी कधी आली होती?

मला ते आवडायचं. किती आवडायचं, ते मला माहीत नव्हतं.

पूर्वाला इथेच बाळकुममधल्या शाळेत घातलं, सगळ्या मुलांबरोबर. बाई वाईट नव्हत्या. तिला पहिल्या बाकावर बसवायच्या. पण फळ्याकडे तोंड करून बोलायच्या, मग हिला काय कळणार? ती फळ्यावरचं वहीत उतरवायची. अक्षर इतकं सुरेख की तिची वही वर्गात फिरवायचे. फळ्याच्या कोपऱ्यात ‘पुसू नये’ लिहिलेलं असायचं, तेही ती उतरवायची. अर्थ एकाही शब्दाचा माहीत नाही. मला ते दिसत होतं. मी चौथी शिकले असले तरी एवढं कळतं.

शाळांमधून फिरणाऱ्या एक बाई होत्या, अशा मुलांसाठी नेमलेल्या. त्यांनीच सांगितलं, “ताई, हिला भाषाच मिळाली नाहीये अजून. ठाण्यात मूकबधिर मुलांची शाळा आहे. तिथे हातांनी शिकवतात. एकदा दाखवून तर आणा.” मी बसने घेऊन गेले. पूर्वा सात वर्षांची होती.

इथून पुढे मला लिहायचं नाहीये. तरी लिहिते.

वर्गात वीसेक मुलं होती. आवाज नाही आणि तरी केवढा गलका! हात नुसते उडत होते. पूर्वा माझ्या साडीला धरून उभी होती, मग एका मुलीने तिला ओढून नेलं. अर्ध्या तासात ती त्यांच्यात बसली. कुणीतरी काहीतरी दाखवलं आणि ती हसली. घरी ती अशी हसत नसे. मी दारात उभी. त्यांचं काय चाललंय मला एक अक्षर कळत नव्हतं. सात वर्षं एकेक खूण मी जमवली आणि हिने मागे वळून एकदाही बघितलं नाही — मला काय वाटलं असेल? आनंद व्हायला हवा होता ना? कुठल्याही आईला झाला असता.

मुख्य बाईंनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. समोरच वर्ग दिसत होता. त्या म्हणाल्या, “आमच्या खुणा तिला अजून येत नाहीत आणि तुमच्या घरच्या आम्हाला कळायच्या नाहीत. तुम्हीच विचारा, रोज यायला आवडेल का?”

मी विचारलं. नीट विचारलं, तेवढं खरं केलं. पूर्वाने दोन्ही हात पोटावर दाबले. घट्ट. वर्गाकडे बघितलं, परत दाबले.

“काय झालं? पोटात दुखतंय का बाळाला?” बाईंनी विचारलं.

मी म्हणाले, “हो. घाबरली की तिचं असंच होतं. घरी चल म्हणते.”

झालं. एवढंच. एका दमात बोलले मी, जी चारचौघांत कधी धड बोलत नाही.

बाई म्हणाल्या, “असू दे, लहान आहे. पुढच्या वर्षी परत आणा.” फाटकापर्यंत पूर्वा पोटावर हात दाबत चालली होती. तिथे मी थांबले, शाळेकडे बोट केलं आणि हात झटकले. म्हणजे, त्यांना तू नकोस. तिने माझ्याकडे बघितलं, मग शाळेकडे. रडली नाही. नंतर कितीतरी दिवस तिने कशासाठीच पोटावर हात नेला नाही. जेवायलासुद्धा बोलवावं लागायचं.

घरी सांगितलं, तिला नाही आवडलं. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं बाई, मुक्यांत राहून अजून मुकी व्हायची.” नवरा म्हणाला, बसचा त्रास वाचला. पुढच्या वर्षी मी नेलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. फिरत्या बाईंनी विचारलं तर सांगायचे, तीच नको म्हणते. आठवीपर्यंत ती सगळं उतरवत वर जात राहिली. नववीत नापास झाली, मग शाळा सुटली. आता घरी बसून साड्यांना फॉल लावते. टाके अक्षरासारखेच सुरेख.

मग गेल्या नवरात्रात आम्ही टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलो. स्पीकर इतके की शेजारचीचं ऐकू येईना. त्या रांगेत एक मुलगी हातांनी बोलताना दिसली आणि पूर्वा थबकली. ती नेहा. तीही ऐकू न येणारी, त्याच शाळेत शिकलेली. दहावी झाली, दुकानात कामाला आहे. आता ती दर रविवारी घरी येते. माझ्याशी बोलायचं तर मोबाईलवर मराठीत लिहून दाखवते. दोघींचे हात भराभर चालतात आणि मी शेजारी बसून चहा गाळते.

त्या शाळेत आता मोठ्या मुलामुलींसाठी वर्ग निघालाय. लिहायला-वाचायला पहिल्यापासून शिकवतात, पुढे बाहेरून दहावीला बसवतात. नेहा फॉर्म घेऊन आली. सोमवारी शेवटची तारीख. पूर्वाने फॉर्म बघितला, शाळेचा फोटो ओळखला आणि बाजूला सरकवला. माझ्याकडे वळून हात झटकले — त्यांना मी नको. मग भुवया वर करून विचारलं, का? तेव्हा का नको म्हणाले?

बारा वर्षांनी तिने विचारलं. मी समोर होते. हात मोकळे होते. आणि मी खांदे उडवले. मला काय माहीत.

पहिल्या वेळी पोर हातातून चालली असं वाटलं होतं, असं म्हणता येईल. या वेळी? या वेळी काहीच नव्हतं. नुसती भीती.

आठवडा झाला, हात कामाला लागत नाहीत. ही वही स्वयंपाकघरात उघडीच पडलेली असते. पूर्वा येता-जाता बघते. लपवायची गरज नाही, तिला वाचता येत नाही.

उद्या रविवार. नेहा येईल, तेव्हा वही तिच्या हातात देणार आहे. ती वाचेल आणि पूर्वाला सांगेल, त्यांच्या भाषेत, जसंच्या तसं. आमच्या खुणांमध्ये ‘खोटं’ला खूण नाही, मी ती कधी केलीच नाही. पण मी स्वतः सांगत नाही त्याचं कारण ते नव्हे. मी भित्री आहे, ते आहे.

मी तिथेच बसेन. पूर्वा काय म्हणाली ते मला समजणार नाही. नेहाला मी विचारणार नाही.