थोरल्या सुनेनं सोडलेला मान

अनिताचं पोट दुखत होतं, आणि त्यावर ओवा खाऊन भागणार नव्हतं. तिची धाकटी जाऊ अंकिता हिला रांजणगावच्या कंपनीतून इंटरव्ह्यूची तारीख आली होती, तीही तब्बल दोन महिने पुढची. ‘येणार की नाही ते आठवडाभर आधी फोन करून पक्कं करा,’ असं कळवलं होतं.

म्हणजे दोन महिने घरात दुसरा विषय नाही. कवठे येमाईत सून होऊन आल्यापासून गोठा अनिताचा, चूल अनिताची, खुरपणी अनिताची. आणि ही कालची पोरगी उद्या गळ्यात ओळखपत्र घालून कंपनीच्या बसमध्ये बसणार! सासूबाई साखरबाई तर तिला भांड्यांना हात लावू देईनात. “ऱ्हाऊ दे गं, अभ्यास कर,” म्हणायच्या. अनिताही बारावी शिकलेली, पण तिला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. तिला हेवा वाटायचा, चांगला जळजळीत.

अंकिताकडे नसलेली एकच गोष्ट तिच्याजवळ होती. यात्रेत देवीला घरचा नैवेद्य डोक्यावरून न्यायचा मान थोरल्या सुनेचा. पुढे हलगी, मागे अनिता, आणि गाव वाट सोडून उभं.

इंटरव्ह्यू नेमका यात्रेच्या दिवशी, नैवेद्याच्या वेळेलाच होता.

फोन करायच्या आदल्या दिवशी अनिता सगळ्यांसमोर सासूबाईंना म्हणाली, “आत्या, औंदा मान अंकिताला द्या. तिची बी हौस व्हऊ द्या की.”

एकदा ओटी भरून दिलेला मान परत मागायचा नाही, ही घरची रीत अनिताला पाठ होती. मान गेला तरी चालेल, पण ती बस हिला मिळता कामा नये.

“केवढं मन गं तुझं!” म्हणत साखरबाईंनी तिथंच अंकिताची ओटी भरली. अंकिताचा चेहरा पडला, पण देवीला नाही कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी तिनं ओसरीवर स्पीकर लावून फोन केला. “मॅडम, त्या दिवशी यात्रेत नैवेद्याचा मान माझ्याकडं हाय. मला जमणार न्हाई.”

अनिताचा हात भाकरीवरच थांबला.

“अगं, यात्रा का त्या दिवशी?” पलीकडची बाई हसली. “माझं माहेर तिकडचंच. मलाही रजा लागेल. तू असं कर, परवाच ये.”

अंकिता परवा गेली आणि नोकरी पक्की करूनच आली.

यात्रेला हलगीमागून ती नैवेद्य घेऊन निघाली. गर्दीत उभ्या असलेल्या अनितापाशी थांबली. टोपली शेजारच्या साखरबाईंच्या हातात देऊन वाकून अनिताच्या पाया पडली.

“ताई, तुम्ही मान दिला म्हणून जमलं बघा. मॅडम म्हणल्या, जी देवीचा मान सोडत न्हाई, ती काम बी अर्ध्यात सोडायची न्हाई.”

“जाऊ असावी तर अशी,” बाया म्हणाल्या. अनिताला तिथंच बसून रडावंसं वाटलं. पण सगळ्या तिच्याकडे कौतुकानं बघत होत्या, म्हणून ती हसली आणि वाट सोडून बाजूला झाली.