संदीपचा अमेरिकन नियम

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या संडे फुटबॉलचे किस्से इतके साठलेत की ते सांगण्यातच अर्धा रविवार जातो. दोष सगळा संदीपचा, आमच्या कॅप्टनचा! चार मराठी टीम सुखाने खेळत होत्या आणि हा अमेरिकन सॉकर बघायला लागला.

"तिथे टीमच्या पगारांवर मर्यादा असते. फक्त दोन-तीन स्टार त्याबाहेर. म्हणून कुणीही जिंकू शकतं!"

आम्ही कधी फायनलही न पाहिलेले, लगेच भाळलो. पगाराऐवजी प्रत्येकाला खेळाप्रमाणे दहापैकी पॉइंट्स. टीमची बेरीज चाळीसच्या आत, वर एक स्टार फुकट, त्याचे पॉइंट्स मोजायचे नाहीत. आमचा स्टार अर्थातच संदीप.

*

अमेरिकेत खेळाडूंचे पगार जाहीर होतात म्हणे. म्हणून संदीपने सगळ्यांचे पॉइंट्स ग्रुपवर टाकले. सख्ख्या भावाला पगार न सांगणारी माणसं आम्ही! महेशला मिळाले दोन. नागपूरहून आलेल्या त्याच्या सासूबाईंनी लेकीच्या फोनवर यादी वाचली.

"दोनच? आम्हाला तर फार हुशार सांगितलं होतं."

*

कमी पॉइंट्सवाल्याला टीम पटकन घेते, हे दीपकने ओळखलं. दरवर्षी पगारवाढीसाठी भांडणारा दीपक! "सातचे चार करा रे. मी काही एवढा भारी नाही."

ब्रॅकनेलच्या ऑफिसातले त्याचे मॅनेजर जोशी शेजारीच बूट बांधत होते.

"हे अप्रेझलमध्ये लिहू ना?"

*

अमेरिकेत म्हणे एखाद्या खेळाडूचं नाव आधी लिहून ठेवलं की त्याच्याशी बोलणी करायचा पहिला हक्क आपला. त्याला विचारायचंसुद्धा नाही! मी हादरलोच. लग्नाचं स्थळही कुणी असं अडवत नाही. संदीपने लगेच आपल्या ऑफिसात येणाऱ्या नव्या इंजिनियरचं नाव लिहिलं. तो अजून पुण्यात व्हिसाची वाट बघत होता! हीथ्रोला आम्ही जर्सी घेऊन उभे.

"मी कॅरम खेळतो," तो म्हणाला.

*

या वर्षी चक्क फायनल! संदीपला आयुष्यात दुसरं काही नको होतं. तेवढ्यात कॉव्हेंट्रीचा डॉक्टर अमित यायला तयार झाला, युनिव्हर्सिटीकडून खेळलेला. पण त्याला स्टार केलं, तर संदीपचे नऊ पॉइंट्स मोजावे लागणार आणि चाळीस ओलांडणार.

"अमितला घ्या. मी बाहेर," संदीप म्हणाला.

"अरे, नियम तुझाच आहे. वाकव की!"

"नियम म्हणजे नियम."

मॅचला दहा मिनिटं असताना अमितला हॉस्पिटलमधून फोन आला आणि तो तसाच गाडीत बसून गेला. आम्ही एकाने कमी! समोरचा कॅप्टन दिलदार. "संदीपला घ्या ना. कोण विचारतंय?"

संदीपने खिशातून नियमांचा कागद काढला, उलगडला, वाचला.

"नावं द्यायची मुदत शुक्रवारी संपली."

तो खाली बसला तेव्हा त्याची ट्रॅकपँट वर सरकली. आत त्याने खेळताना नडगीला बांधायचे शिनपॅड घातले होते.