हिरडीखालचं सिमेंट

सिमेंट मी निवडलं होतं आणि ते हिरडीखाली राहिलं तेही माझ्याच हातून. खोटारडे मात्र मी चाचांना ठरवलं.

चाचा अकोल्यातल्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. ते वाद्य वरच्या समोरच्या दातांवर टेकवून वाजवतात. त्यातला एक दात गेला, म्हणून ते माझ्या अमरावतीच्या दवाखान्यात आले. हाडात स्क्रू बसवून त्यावर कॅप लावू, पण तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडावा लागेल, नाहीतर हिरडी पिकून स्क्रू सुटतो, मी म्हणालो. चाची सोबत होत्या. "यायनं खर्रा सोडला त मीच बँड लावीन," त्या म्हणाल्या. चाचांनी सोडला.

स्क्रू हाडात पक्का झाला आणि कॅप चिकटवायचा दिवस आला. एक सिमेंट कच्चं होतं. त्यानं लावलेली कॅप पुढे काढता येते आणि बाहेर आलेलं जास्तीचं सिमेंट टोकरलं की निघतं. दुसरं पक्कं. ते हिरडीखाली घुसलं तर हाताला लागत नाही आणि आमच्याकडचं तर एक्स-रेतही दिसत नसे. चाचांच्या कॅपची कड हिरडीच्या बरीच खाली होती. कच्चंच लावायला हवं होतं.

"पक्कं लावा, सायेब. वरातीत कॅप पडली त नवरदेवाले घोड्यावरून उतरून शोधा लागन."

मी हसलो. ती नापिकीची वर्षं होती. लग्नं सामूहिक मांडवात उरकायची, साऱ्या जोडप्यांना मिळून एकच बँड. तेवढं काम हुकलं तर हंगाम गेला. मी पक्कं लावलं. बाहेर पेशंट खोळंबले होते. जास्तीचं सिमेंट काढायला कडेनं घाईत दोरा फिरवला, एक्स-रे पाहिला. स्वच्छ होता. त्यात काही दिसणारच नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

थंडीत हिरडीतून पू येऊ लागला. दोघं आले. मी चाचींसमोरच विचारलं, "खर्रा सुरूच आहे ना?"

"नाई सायेब. तवापासून हात नाई लावला."

"सगळे असंच सांगतात, चाचा."

चाची त्यांच्याकडे वळल्या. "माह्यासमोर कसम खाल्ली होती तुमी," एवढंच म्हणाल्या.

पुढे स्क्रू हलायला लागला. तो काढायला चाचा एकटेच आले. "ती माह्याशी बोलूनच नाई राहिली," ते म्हणाले. स्क्रू बाहेर आला तेव्हा त्याच्या मानेला सिमेंटची पातळ चकती चिकटलेली होती. मी ती कापसात गुंडाळून टाकून दिली आणि चाचांना गुळण्या करायला सांगितलं.

बऱ्याच वर्षांनी अकोल्यात एका नातेवाइकाच्या वरातीत तोच बँड दिसला. क्लॅरोनेट कुणी दुसराच वाजवत होता. चाचा मागच्या रांगेत खुळखुळे हलवत होते. मला पाहून ते ओठ मिटूनच हसले.

सकाळी पत्ता विचारत मी त्यांच्या घरी गेलो. चाचा उठून म्हणाले, "बसा सायेब, चाय ठेवते ती." चाची दारात लसूण सोलत होत्या. मी बसलो नाही. त्यांच्यासमोर हात जोडले.

"चाची, यांनी खर्रा खरंच सोडला होता. हिरडीत माझं सिमेंट राहिलं होतं. ते सापडल्यावरही मी गप्प बसलो. तुम्हा दोघांचा मी गुन्हेगार आहे. मला माफ करा."