पायाचं मशीन

आमच्या दहिसरच्या घरात खिडकी आणि प्लग एकत्र नांदतात असा एकच कोपरा आहे. बाकीच्या प्लगांवर फ्रीज, टीव्ही आणि मिक्सरने आधीच मालकी सांगितलेली आहे. त्या कोपऱ्यात सासूबाईंचं शिलाई मशीन होतं, आणि मला तो कोपरा हवा होता.

हवा होता म्हणजे आठ दिवसांत हवा होता. बारा वर्षांपूर्वी, मुलगी झाली तेव्हा मी प्रेसमधली नोकरी सोडली. कॉम्प्युटरवर मराठी पुस्तकांची पानं लावायचं काम होतं माझं, आणि मी ते चांगलं करायचे. मध्ये एकदोनदा विचारून पाहिलं, पण कुणी उभं केलं नाही. मग त्या सोमवारी प्रेसमधल्या एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. ती आता शाळेची गाइडं काढणाऱ्या प्रकाशकाकडे होती. म्हणाली, "घरून करायचंय. कॉम्प्युटर तुझा. पुढच्या सोमवारी दोन धडे लावून पाठव. आवडले तर दिवाळीनंतरच्या सत्राची पुस्तकं तुझी. नाही पाठवलेस तर मी दुसऱ्या कुणाला सांगते, राग मानू नकोस."

मी कशाला राग मानते? हे गेलं तर पुन्हा काही येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. घरातला जुना कॉम्प्युटर केव्हाच मोडीत निघाला होता, म्हणजे आता नवा घेणं आलं.

"लॅपटॉप घेऊ," नवरा म्हणाला. त्याला विचार करायला चहाच्या अर्ध्या कपाएवढाही वेळ लागला नाही.

"मला डेस्कटॉप हवाय. मोठा स्क्रीन लागतो मला. दोन पानं शेजारी शेजारी दिसायला हवीत."

"अगं, पण ठेवशील कुठे? लॅपटॉप कसा, काम झालं की मिटून कपाटात. लाइट गेली तरी चालतो. आणि गणपतीला गावी नेता येईल ना! तुझं काम पण अडणार नाही, गणपती पण अडणार नाहीत. झकास!"

तो खरंच खूश होऊन बोलत होता. मी मात्र मनात गणपतीचे दिवस मोजत होते. त्यांच्या गावचा गणपती म्हणजे सगळ्या भावकीचा एकच, जुन्या घरातला. पाच दिवस दोन्ही वेळचं पान तीस माणसांचं. पुरुष भजनाला बसतात आणि आम्ही चुलीपाशी; चतुर्थीला तर प्रत्येकीच्या वाटणीला मोदकांचं एक ताट. लॅपटॉप गेला की मीही गेले, आणि तीस जणांची उष्टी काढून झाल्यावर मी पानं लावायला बसणार. तेही विहिरीच्या कठड्यावर, कारण वाडीत नेटवर्क तिथेच नीट येतं. वर सगळे म्हणणार, बघा, किती सोय झाली.

लॅपटॉप म्हणजे कुणाच्याही मांडीवर जाऊन बसणारं मूल. आज नवऱ्याला मॅच बघायचीय, उद्या मुलीला प्रोजेक्ट करायचंय. मला एका जागी राहील असं काहीतरी हवं होतं, ज्याच्यासमोर मी बसले की घराला कळेल, ही आता कामावर आहे. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. मी म्हणाले, डोळ्यांना त्रास होतो.

"ठीक आहे," तो म्हणाला. "जागा करून दाखव. मग आणू डेस्कटॉप."

जागा म्हणजे तो कोपरा. सासूबाईंनी मशीनवर बसणं सोडून सहा वर्षं झाली होती. मोतीबिंदूनंतर सुईत दोरा ओवणं जमेना. मशीनवर जुनं पांघरूण घातलेलं असायचं आणि त्यावर त्यांच्या गोळ्या, पंचांग, चार्जर. पण खंडेनवमीला पांघरूण निघायचं, मशीन पुसलं जायचं, हळदकुंकू लागायचं, झेंडूचं फूल वाहिलं जायचं, आणि पुन्हा पांघरूण. गिरणी बंद पडल्यावर सासरे घरी बसले, तेव्हा या मशीनवर घर चाललं होतं. हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं, आणि पुढे अधूनमधून, म्हणजे मी एखादं भांडं जोरात आपटलं की.

मी त्यांना विचारलं नाही. आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नाही. आधी करून मोकळं व्हायचं आणि मग चार दिवस रुसवेफुगवे सोसायचे, ही इथली रीत. नवऱ्याने मोटारसायकल अशीच आणली, सासूबाईंनी माझा जुना पलंग असाच नणंदेला दिला. मला वाटलं, आता माझी पाळी. विचारलं तर त्या नाही म्हणणार, आणि नाही म्हटल्यावर केलं तर ते बंड होणार. न विचारता केलं तर निदान नुसतं भांडण होईल.

गुरुवारी संध्याकाळी सासूबाई मठात आरतीला जातात. बरोबर तासाभराने येतात. मी नाक्यावरच्या भंगारवाल्याला त्या वेळी बोलावलं. नवऱ्याला सकाळी सांगितलं तर तो म्हणाला, "तुझं तू बघ बाबा," आणि ऑफिसला गेला.

त्या दिवशी मी दुपारपासून घड्याळाकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं. सासूबाईंनी वेणी घातली, प्रसादाचा डबा शोधला, चप्पल घातली, तरी त्या निघेनात. शेवटी लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. मी गोळ्या, पंचांग, चार्जर टीपॉयवर मांडले, त्याच क्रमाने. पांघरूण काढलं. भंगारवाला आला, त्याने मशीन तिरकं करून पाहिलं, "बाप रे, पुराना लोहा," म्हणाला आणि ते ओढत ओढत दाराबाहेर नेलं. फरशीवर लोखंडाचा असा करकर आवाज झाला की शेजारचं दार किलकिलं झालं. मी म्हणत होते, लवकर, लवकर. त्याने लिफ्टचं बटण दाबलं.

लिफ्ट वर आली. दार उघडलं. आत सासूबाई उभ्या होत्या. प्रसादाचा डबा घरीच विसरला होता.

त्यांच्यासमोर त्यांचं मशीन, मशीनमागे भंगारवाला, आणि त्याच्यामागे मी. लिफ्टचं दार बंद व्हायला लागलं तसा त्यांनी हात घालून ते अडवलं.

"ता परत ठेव," त्या भंगारवाल्याला म्हणाल्या. त्याला मालवणी कळत नव्हती, पण कळलं.

माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. "माका इचारलंस?" एवढंच. मग घरात जाऊन डबा उचलला आणि आरतीला निघून गेल्या. मी दारात उभी राहिले. मला लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि जास्त काय वाटत होतं ते आजही सांगता येणार नाही.

शुक्रवारभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी वाढलेलं जेवल्या नाहीत, स्वतःचा भात स्वतः लावला. गोळ्या, पंचांग, चार्जर पुन्हा मशीनवर गेले. मुलगी एकदा माझ्याकडे, एकदा आजीकडे बघत कोपऱ्यात पुस्तक धरून बसली. मैत्रिणीचा मेसेज आला, धडे पाठवलेत, मिळाले का? मी 'मिळाले' असं लिहिलं. मोबाइलच्या स्क्रीनवर ते धडे मुंगीएवढे दिसत होते. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, तशी माझी अवस्था. कोपराही नाही आणि तोंड दाखवायला जागाही नाही.

शनिवारी सकाळी नवरा म्हणाला, "चल, लॅपटॉप घेऊन येऊ बोरिवलीहून. सुंठेवाचून खोकला गेला. आईचं मशीन राहील, तुझं काम होईल."

सोमवार दोन दिवसांवर होता. माझ्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. मी ओढणी घेतली, पिशवी घेतली. नवरा बूट घालत होता. सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. ताटातून नजर न काढता त्या बोलल्या, दोन दिवसांत पहिल्यांदा.

"खंय चाललास?"

"लॅपटॉप आणायला," मी म्हणाले.

"तो उचलूचो की ठेवूचो?"

मला प्रश्नच कळेना. नवरा म्हणाला, "उचलायचा, आई. कुठे पण नेता येतो. गणपतीला गावी पण."

सासूबाईंनी ताट बाजूला सरकवलं. "माझ्याकडे पयला हाताचा मशीन होता," त्या म्हणाल्या. "पेटीत मावायचा. तुझ्या बापाशीन हौसेन इकत हाडलेला. म्हणालो, खंय पण नेऊक बरा. मगे काय! कोणाचा लगीन असूदे, बारसा असूदे, निरोप येयचो, 'वयनी, येताना मशीन घेऊन ये गो.' पावणी म्हणान गेलंय आणि शिवीत बसलंय. सगळी हळद खेळतत, मी पडवीत ब्लाऊज शिवतंय. गणपतीक तर पाचय दिवस. दिसभर रांधूचा, मगे मुलांचे कपडे शिवूचे. नाय म्हणूचा कसा? मशीन तर हाडलेला ना!"

नवरा एका पायात बूट घालून तसाच बसला होता. आपल्या लहानपणीचे गणपतीतले नवे कपडे कुठून यायचे, हे त्याने कधी विचारलं नसावं.

"ता इकलंय मी आणि ह्या पायाचा घेतलंय," त्यांनी मशीनवर हात ठेवला. "चार माणसां लागतत उचलूक. त्या दिवसापास्ना कोणी माका म्हणाक नाय, घेऊन ये. ज्याका शिवूचा, तो हय इलो." मग माझ्याकडे वळून, "मोठो घे. जाग्यार ठेवूचो तो घे."

"पण आई, जागा..."

त्या उठल्या. गोळ्या, पंचांग, चार्जर काढून माझ्या हातात दिले. पांघरूण काढलं. मशीनच्या डोक्याला मागून धरून त्यांनी एक खटका दाबला, आणि ते आख्खं डोकं टेबलाच्या आत उलटं गेलं. वरून फळी पाडली. समोर सपाट लाकडी टेबल होतं, खिडकीपाशी, प्लगच्या शेजारी. पंधरा वर्षं ते मशीन माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि ते असं मिटतं, हे मला माहीत नव्हतं.

"माका इचारलं असतंस," त्या म्हणाल्या, "तर गुरवारीच दिलं असतंय."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. रागावल्या असत्या तर मी तोंड वर करून उत्तर दिलं असतं. माझ्यापाशी उत्तर तयार होतं.

डेस्कटॉप आला. स्क्रीन फळीवर, सीपीयू पायडलच्या बाजूला खाली. पायडल चाकाला जोडणारी वादी काढून टाकली होती, तरी काम करताना माझे पाय आपोआप पायडलवर जायचे आणि ते मोकळंच हलायचं. रविवारभर बसून दोन्ही धडे लावले. पहिल्या तासात बोटं अडखळत होती, मग आठवू लागलं. सोमवारी पाठवले, बुधवारी 'आवडले' असं उत्तर आलं, आणि पुढच्या सगळ्या तारखा आल्या. चौथं पुस्तक नेमकं गणपतीच्या आठवड्यात द्यायचं होतं.

नवऱ्याचं तोंड पडलं. "आमच्या घरात गणपतीला न गेलेली सून नाही," तो म्हणाला.

"माझं काम इथून हलत नाही," मी म्हणाले. ते खरंही होतं, आणि मी ते खरं करून ठेवलं होतं, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. तो चार दिवस धुसफुसत राहिला. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी बॅग भरली, अगरबत्त्या मोजल्या, गुडघ्याला लावायचं तेल घेतलं. मला वाटलं, कोपरा दिला, पण ही सूट त्यांना मान्य नसावी. गणपती म्हणजे गणपती. निघताना मी पाया पडले तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण घाईत, गाडीचा हॉर्न वाजत होता म्हणून.

चतुर्थीच्या दिवशी घर इतकं शांत होतं की मला पानांवर लक्ष लावता येईना. नैवेद्याची वेळ जवळ येऊ लागली. तिथे आता काय चाललं असेल, कोण काय म्हणत असेल, याचीच उजळणी मनात. मग मुलीचा व्हिडिओ कॉल आला. विहिरीपाशी उभी राहून तिने बाप्पा दाखवण्यासाठी फोन जुन्या घराच्या दिशेने धरला. नुसतं छप्पर दिसलं. मग ती चालत चालत मागच्या पडवीत गेली. चित्र अडकत होतं, आवाज मात्र येत होता.

चुलत सासूबाईंचा आवाज मी ओळखला. "बाकी सगळे इले, तुझीच सून येऊक नाय ती? आजकाल तर काय ता लॅपटॉप खंय पण घेऊन जातत. काम घेऊन येऊचा होता, हय कोण नको म्हणता?"

माझे पाय पायडलवर थांबले. मला वाटलं, आता सासूबाई उसासा टाकतील, नशिबाला बोल लावतील. तीस माणसांसमोर त्यांनी माझ्या बाजूने का बोलावं?

"तिचा उचलून हाडूचा मशीन न्हय," सासूबाई म्हणाल्या. "मीच म्हटलंय घेऊ नको म्हणान."

तेवढ्यात चित्र सुटलं आणि त्या दिसल्या. दुखरा गुडघा लांब पसरून जमिनीवर बसलेल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठाने पांढरे. शेजारी दोन ताटं होती. त्यांचं स्वतःचं भरून झालं होतं, आणि आता दुसऱ्या ताटात त्या माझ्या वाटणीचे मोदक वळत होत्या.