गुडघाभर पाणी

राजाजीनगरला आमच्या समोर राहणारे अण्णा दर सोमवारी माझ्या गाडीतून देवनहळ्ळीपलीकडच्या जुन्या महादेवाला येतात. देऊळ नदीच्या पैलतीरावर आहे, पण नदी मी पाहतोय तेव्हापासून कोरडीच. पात्रात आता प्लॉटचे दगड रोवलेत. तरी घाटाची शेवटची पायरी आली की अण्णा चपला हातात घेतात, धोतर गुडघ्यावर खोचतात आणि पाय चाचपत चालतात. मधल्या एका जागेला तर लांबून वळसा.

"स्वल्प जपून हं. तिथं डोह आहे."

मला हसू यायचं, कधी चीडही.

गेल्या सोमवारी माझी सहा वर्षांची मुलगी सोबत होती. ती नेमकी त्याच जागेकडे पळाली. अण्णा ओरडत धावले आणि तिला बखोटीला धरून त्यांनी काठावर आणलं. पालथी घालून पाठ थोपटली, उपरण्यानं तिचे केस पुसले आणि ते उपरणं नीट पिळलं. थेंबही पडला नाही.

"सरी, ठीक. आता बरी आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती खोकायला लागली. घरी येईपर्यंत खोकतच होती.

आज शेवटच्या पायरीवर मी मुकाट्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. अण्णांनी हात पुढे केला.