खोलीच्या मधोमध घट

आमच्या विहीणबाई एकदा का कुठं बसल्या, की त्यांना तिथून उठवील असं माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात अजून जन्माला आलेलं नाही. माझ्या लेकीच्या सासूबाई म्हणून मी कौतुक करते असं समजू नका. एसटीच्या कंडक्टरला विचारा. एकदा कळमनुरीला जाताना बाई राखीव जागेवर बसल्या. कंडक्टर म्हणाला, मावशी, ही जागा स्वातंत्र्यसैनिकांची आहे. बाईंनी शांतपणे पदर सावरला आणि म्हणाल्या, "जुन्या सैनिकाला जागा हाय, तर मंग चालू सैनिकाच्या मायला काहून न्हाई?" गाडी हसली, कंडक्टरनं तिकीट फाडलं, आणि बाई कळमनुरीपर्यंत खिडकीशी बसून गेल्या.

पोरगं फौजेत गेलं तेव्हापासून अर्धी फौज बाईंच्या अंगातच आली आहे. डोंगरकड्याच्या पलीकडं त्यांचं गाव, पाच-सहा शेरडं आणि थोडं वावर. शेरडांची नावं काय, तर शिपाई, नाईक, हवालदार. बोकडाचं नाव सुभेदार. बाजाराच्या दिवशी एक खाटीक सुभेदाराला बघून घोटाळायला लागला, तर बाईंनी त्याला सांगितलं की सुभेदार विकत नसतात, रिटायर होतात. आणि तो बोकड खरंच म्हातारा होऊन गेला. एरवी जागेवरून न हलणाऱ्या या बाई एकाच गोष्टीला उठतात. जावयांचा, म्हणजे त्यांच्या पोराचा, फोन आला की ताडकन उभ्या. बोलणं संपेपर्यंत खाली टेकत नाहीत. मी एकदा म्हटलं, अहो, गुडघे दुखतात ना, बसून बोला. तर म्हणाल्या, "इहीनबाई, ते तिकडं बर्फात उभं हाय. म्या बसून कशी बोलू?"

माझी लेक सुरेखा नातीच्या शाळेसाठी कळमनुरीत भाड्याच्या खोलीत राहते. खोली जावयांच्या नावावर घेतलेली, भाडं महिन्याच्या महिन्याला पोचतं, कशाची तक्रार नाही. पण घरमालकाच्या पुतण्याला मोबाईलचं दुकान टाकायचं होतं आणि नेमकी रस्त्याकडची हीच खोली त्याच्या डोळ्यात भरली. मालकानं तोंडानंच सांगितलं, पितृपक्ष सरला की खोली रिकामी करा, घट बसायच्या दिवशी आम्हाला मुहूर्त करायचा आहे. सुरेखा माझ्याकडं येऊन रडली. भरल्या वर्षात लेकराला घेऊन कुठं जायचं? आणि जावई तर दर फोनला पहिला प्रश्न एकच विचारतात, "घर हाय ना बराबर?" त्यांना काय सांगायचं?

मी आपली भाऊबंदांत दुसरी खोली शोधायला लागले. बाई म्हणाल्या, खोली शोधायची न्हाई आणि पोराला सांगायचंबी न्हाई. त्यांच्या गावच्या एका रिटायर हवालदारानं त्यांना कधीतरी सांगितलं होतं, की हद्दीवरच्या माणसाच्या माघारी कोर्ट निकाल देत नाही. तेवढं एक वाक्य घेऊन बाई कळमनुरीभर फिरल्या. भाजीवालीला सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, मालकाच्या बायकोला तर दोनदा सांगितलं. शेवटी मीच म्हटलं, अहो, खरं काय ते विचारू तरी. मग आम्ही दोघी हिंगोलीला सैनिकांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि समजावून सांगितलं. खोली जन्माची तुमची होत नाही, पण नुसतं तोंडानं कुणी बाहेर काढू शकत नाही. मालकाला कोर्टातच जावं लागेल, आणि जवान हद्दीवर आहे असा पलटणीचा कागद दिला की तो येईपर्यंत कोर्ट थांबू शकतं. ते पलटणीला लिहिणार होते. कागद यायला पंधरा-वीस दिवस लागणार होते. आणि घट बसायला राहिले होते नऊ.

"मंग नऊ दिसांनी म्याच घट बसवते," बाई म्हणाल्या. मला वाटलं, गावाकडं बसवणार.

घटाच्या दिवशी सकाळी सकाळी मालक, पुतण्या आणि सामानाचा टेम्पो दारात. बघतात तर खोलीच्या मधोमध, भिंतीला नाही, कोपऱ्यात नाही, अगदी मधोमध पत्रावळीवर वावरातली काळी माती, तीत पेरलेलं धान्य, वर घट, नागवेलीची पानं, नारळ आणि बाजूला तेवता दिवा. त्याच्यामागं आमच्या विहीणबाई मांडी घालून. मालकानं उंबऱ्यातच चपला काढल्या. हात आपोआप जोडले गेले. पुतण्या म्हणाला, काका, सरकवू जरा.

"सरकव की," बाई म्हणाल्या. "बसलेला घट हालवायचाय ना? तुझ्या काकानं पयला हात लावावा."

मालकाच्या घरीही घट बसलेला, बायकोचा नऊ दिवसांचा उपास. त्यानं पुतण्याकडं असं पाहिलं की टेम्पो आला तसा माघारी गेला. नऊ दिवस बाई त्या खोलीत राहिल्या. रोज एक माळ चढत होती, धान उगवून वर येत होतं, आणि मालकाची बायको रोज आरतीला येत होती. सातव्या माळेला पलटणीचा कागद आला. हिंगोलीच्या साहेबांनी मालकाला फोन करून नीट समजावलं. मालकालाही तोपर्यंत पुतण्याच्या तगाद्यातून कुणीतरी सोडवायलाच हवं होतं. दसऱ्याला तो आपट्याची पानं घेऊन आला. बाईंनी घटाचं धान खुडून त्याच्या टोपीत खोवलं. तो म्हणाला, पोरगं येईपर्यंत राहा, मावशी.

घट उठला. फरशीवर मातीचा गोल डाग राहिला. सुरेखा पुसायला निघाली, तर बाई म्हणाल्या, राहू दे. तेवढ्यात फोन वाजला. बाई त्या डागाशेजारी ताडकन उभ्या राहिल्या. तिकडून तोच प्रश्न आला.

"हाय की," बाई म्हणाल्या. "कुठं जातंय."

फोन बंद झाला तरी त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मी खुर्ची पुढं केली, पण त्यांना बसा म्हणायचं काही माझ्यानं झालं नाही.