गल्लीतला पहिला निवृत्त

नगरपालिकेत मृत्यूची नोंद करणाऱ्या बाईंना सगळे नोंदबाई म्हणत. खोली जिन्याखाली, खिडकी एकच आणि समोर येणारा प्रत्येक माणूस रडवेला. बाई मात्र जात्याच हसऱ्या. दिवसभर हसू दाबून ठेवायच्या आणि घरी गेल्या की सगळा साठा दिराच्या मुलींवर रिकामा करायच्या.

त्यांचा नवरा दगड घासायच्या कारखान्यात होता. एक्केचाळिसाव्या वर्षी क्षयाने गेला. ती नोंद बाईंनी स्वतःच्या हाताने केली आणि मग मागची पानं उलटत बसल्या. दवाखान्यातून रोग्यांच्या याद्याही मागवल्या. औषध सगळ्यांना तेच. पण गावात दहा क्षयरोग्यांतला एखादा दगावायचा, तर दगड घासणाऱ्यांच्या गल्लीत चार.

“त्या लोकांचं रक्तच कच्चं,” ऑफिसातले साहेब म्हणाले.

“माझ्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत, साहेब. काल मला रागावल्या, ते पार कोपऱ्यावर ऐकू गेलं.”

गल्लीतल्या बायका म्हाताऱ्या होत होत्या, पुरुषच जात होते. आणि दगड घासणाऱ्यांतही गल्लीबाहेरच्या एका कारखान्याचं नाव एकोणीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत बाई तिथे जाऊन थडकल्या. आत सगळा रेंदा. मालकाने घासायचं चाक तापू नये म्हणून वर नळ सोडला होता, त्यामुळे धूळ उडतच नव्हती. बाकी सगळीकडे घासकाम कोरडं आणि माणसं पिठात लोळल्यासारखी पांढरी.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं आणि टेबलावर हात आपटला. “धुळीने छाती आधीच पोखरलेली असते. त्यात क्षय शिरला की औषध तरी किती पुरं पडणार?”

दोघी मिळून गल्लीत गेल्या आणि प्रत्येक चाकावर नळ सोडा म्हणाल्या. मालक कुरकुरले, पण खरे अडले ते कामगार, आणि त्यांत सगळ्यांत पुढे बाईंचे धाकटे दीर.

“वहिनी, दिवसभर पाण्यात उभं राहून पायाला चिखल्या होतील!”

“भाऊजी, चिखल्यांनी कुणी मेल्याची नोंद माझ्याकडे नाही!”

हशा पिकला. त्याच आठवड्यात पहिला नळ बसला. बाकीचे बसायला दीड वर्ष आणि बाईंच्या दोन चपला गेल्या. ज्यांच्या छातीत आधीच धूळ बसली होती त्यांचा दम काही परत आला नाही. पण डॉक्टरीणबाई त्यांना लवकर तपासू लागल्या, आणि हळूहळू गल्लीतून क्षयाच्या नोंदीला येणारी माणसं कमी झाली. एक वर्ष तर असं गेलं की तिथून बाईंकडे कुणीच आलं नाही. बाईंनी ऑफिसात पहिल्यांदा मोठ्याने हसून घेतलं.

मग बरीच वर्षं गेली आणि भाऊजी साठ वर्षांचे झाले. कारखान्यातून निवृत्त होणारा गल्लीतला पहिला माणूस! निरोप कसा द्यायचा हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना खुर्चीत बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. चाकं बंद केली. कुणीतरी ओरडलं, “भाषण!”

भाऊजी जिना चढल्यासारखे थोड्या धापा टाकत उभे राहिले. “काय बोलायचं असतं? आपल्यात कुणी बोललेलं मी ऐकलंच नाही.” सगळे पोट धरून हसले. त्यांनी डोळे पुसले आणि बाईंकडे वळले. “वहिनी, आता उद्या सकाळी करू काय?”

“झोपा!” सासूबाई मागून कडाडल्या.